पायथ्याची गळती

तिला सगळे बाटलीवाली म्हणत. दारूचा थेंब तिनं कधी तोंडात घेतला नव्हता. बाटली होती औषधाची, काचेची, लेबल घासून काढलेली. रोज सकाळी ती बागेच्या वरच्या अंगाला असलेल्या तळ्याच्या मातीच्या बांधाखाली उतरायची. तिथं पायथ्याशी बसवलेल्या वीतभर पाइपातून करंगळीएवढी धार यायची. बाटली भरायची, उजेडाला धरायची, नीट बघायची आणि ओतून द्यायची. अठरा वर्षांत एक दिवस खाडा नाही. नवऱ्याला पोचवून आली त्या दिवशीसुद्धा आधी बाटली भरली, मग रडली.

काम थोरल्या मालकांनी शिकवलं होतं. "मातीचा बांध आहे, पाझरणारच. पाणी येऊ दे, पण स्वच्छ येऊ दे. गढूळ आलं की समजायचं, बांध आतून पोखरला जातोय. आणि ही धार कधी बंद करायची नाही." का बंद करायची नाही, ते मात्र सांगितलं नाही. मोठ्या माणसांची ही खोडच असते. हुकूम देतात, कारण खिशात ठेवतात.

बांधावरची झुडपं मुळासकट उपटायची, उंदरांची बिळं ठोकून बुजवायची, सांडव्यातला पाला काढायचा, ही सगळी कामं तिचीच. थोरले गेले आणि त्यांचा मुलगा मालक झाला. चार वर्षांत हा एकदाही बांध चढला नाही. मग तपासणीचं पत्र आलं आणि स्वारी थेट पायथ्याशी हजर.

"मावशी, साहेब यायच्या आत ही गळती बंद झाली पाहिजे. ओल दिसली की तो शंभर कागद मागणार."

"थोरले मालक नको म्हणाले होते."

"अठरा वर्षं एक गळती सांभाळून बसलात. गळती आहे की लेकरू?"

बाजूला तिचा दीर उभा होता, बागेच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर. तो खो खो हसला. तिला मूलबाळ नव्हतं. दिराच्या ते ध्यानात आलं, पण हसून झाल्यावर.

तिच्या नाकाच्या शेंड्यावर राग. "उद्या संध्याकाळी या," ती म्हणाली. "थेंब दिसला तर नाव बदलीन."

पाइपात चिंध्या कोंबल्या, खडी ठासली, वरून सिमेंट. गुळगुळीत, गवंड्यानं तोंडात बोट घालावं असं. बांधाखालच्या मजुरांच्या नऊ घरांत तिनं स्वतः फिरून सांगितलं, गळती बंद केली, थेंब दिसला तर नाव बदलीन म्हणून. साहेब आला, गाडीच्या काचेतून कोरडा पायथा बघितला, सही केली आणि गेला.

अकराव्या दिवशी सकाळी तिला भरावाच्या मध्यावरचं गवत ओलं दिसलं. पाऊस नव्हता. वर चढून पाय ठेवला तर माती गादीसारखी दबली. आणि थोरल्यांनी खिशात ठेवलेलं कारण तिला तिथं उभ्या उभ्या कळलं. पाणी थांबलं नव्हतंच. त्याची वाट तेवढी गेली होती, म्हणून ते बांधाच्या पोटात साठत होतं.

ती तडक मालकाच्या ऑफिसात गेली. तळ्याचं पाणी सोडायच्या व्हॉल्व्हचं चाक मालकानं तिथल्या कपाटात कुलपात ठेवलं होतं. "चाक द्या. तळं खाली केलं पाहिजे, आत्ता."

"तपासणी पास झालीय, मावशी. तुम्ही साहेबापेक्षा शहाण्या का? बाग फुलावर आलीय आणि तळं रिकामं करू?"

ती घरांकडे धावली. "निघा, बांध जातोय."

"परवा तर तूच सांगत फिरत होतीस," एक म्हातारा म्हणाला. "आता नाव काय ठेवायचं तुझं?" सगळे हसले. हसणार नाहीत तर काय. तिच्याच तोंडाची कमाई होती.

मग तिनं पहार घेतली आणि आपलं गुळगुळीत सिमेंट फोडलं. आधी काहीच आलं नाही. मग खडी उडाली आणि मागून मातकट, दाट पाणी. तिनं बाटली भरली, पळत घरांकडे आली आणि जावेपुढे, दिराच्या बायकोपुढे धरली. जावेनं अठरा वर्षं त्या बाटलीत नितळ पाणी बघितलं होतं. तिनं धाकट्या पोरीला कडेवर घेतलं. "चला," एवढंच म्हणाली. जाऊ उठली तसे सगळे उठले. अर्ध्या तासात नऊही घरं रिकामी होऊन माणसं टेकाडावर.

तेवढ्यात दिराचा फोन वाजला. मालक म्हणत होता, वाळूची पोती घेऊन बांधावर जा.

तिनं त्याची बाही धरली. "जाऊ नकोस."

"वहिनी, मालक म्हणतायत."

"मालक म्हणाले म्हणूनच मी ती बंद केली होती."

"दहा मिनिटांत आलो," म्हणत त्यानं बाही सोडवली.

बांध फुटला असं लोक म्हणतात. टेकाडावरून तिला दिसलं ते वेगळं. दमलेला माणूस मटकन खाली बसावा तसा तो मधोमध बसला. ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी सापडला, दीर तिसऱ्या.

चौकशी पंपघरात झाली. मालकानं लिहून दिलं होतं, की पहारेकरणीनं पहारेनं भराव फोडला.

"पहार तुम्ही मारली?" साहेबानं विचारलं. तोच साहेब, गाडीच्या काचेतला.

"मारली."

मागून जाऊ बोलली. चार दिवसांतले तिचे हे पहिले शब्द. "ताई, त्याआधी ती बंद कुणी केली होती?"

सगळ्यांच्या नजरा मालकाकडे गेल्या. तो मोबाइल बघत होता.

"मी," ती म्हणाली. "हात माझे. सांगणं यांचं."

साहेबानं 'मी' लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"पुढचं लिहा."

"ते ऐकीव आहे, बाई."

"ऐकीव कसं? माझ्या कानांनी ऐकलंय. लिहिल्याशिवाय मी उठत नाही."

जाऊ उठून पुढे आली. तिच्याकडे न बघता साहेबाला म्हणाली, "माझ्या नवऱ्यासमोर बोलणं झालं ते. त्यानं घरी येऊन सांगितलं होतं मला."

साहेबानं मान वर केली. "मग ते येतील का सांगायला?"