औषधाला झणका न्हाय

केमोच्या वॉर्डात माझ्या शेजारच्या खुर्चीत शिवाजी पेठेतले एक गृहस्थ बसतात. नाव मी विचारलं नाही, त्यांनीही नाही. ते मला पावणं म्हणतात. सलाईन लागलं की बाटलीकडे बघून त्यांचा शेरा ठरलेला, "ह्या औषधाला झणका न्हाय."

औषधाने काय काय त्रास होईल ते डॉक्टरांनी आम्हा दोघांना एकदमच समजावलं होतं. त्यातलं यांना काहीच झालेलं नाही. केस गेले, ते उन्हाळा म्हणून काढले. ओकारी झाली, ती रिक्षावाल्यानं खड्ड्यातनं आणलं म्हणून. बोटांना मुंग्या येतात, त्या मोबाईलमुळे. "तालमीतली हाडं हाईत ही. आमाला काय हुतंय?" हे अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं.

तोंड आलंय का, असं परवा सिस्टरनं विचारलं. तांबडा रस्सा वाट्यांवर वाट्या पिणारा हा माणूस. "तोंड? आमचं?" म्हणत त्यांनी डबाच उघडून दाखवला. आत लालभडक सुकं मटण. सिस्टर हात जोडून पुढे गेली.

तिची पाठ वळल्यावर त्यांनी एक तुकडा हळूच पाण्याच्या ग्लासात बुडवला, बोटानं चोळून धुतला आणि तोंडात टाकला. डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. मी माझा दहीभात गिळत खिडकीबाहेर बघायला लागलो.

"बघितलंसा व्हय, पावणं?"

"न्हाय की."

"मग तुमचा ग्लास द्या हिकडं. ह्यातलं पाणी तिखट झालंया."