बिनमिठाच्या दशम्या

मेथीच्या दशमीचा खरपूस वास सुटला की मला धाकट्या जावेचा तो व्हिडिओ कॉल आठवतो. दिराला कंपनीनं जर्मनीला पाठवलं, तशी तीही पोरांना घेऊन निघाली. शिदोरीच्या दशम्या मीच केल्या, तिच्यावर जळून मुद्दाम बिनमिठाच्या. तिथं पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी ती सगळी रात्रीच्या गाडीनं फिरायला निघाली, आणि गाडीतूनच कॉल लावला. वरच्या बर्थवरून पुतण्या ओरडला, "मोठी आई, आमी हितं झोपणार आन् उठणार ते दुसऱ्याच देशात!" मी चऱ्होलीत झोपते आणि चऱ्होलीतच उठते. तेवढ्यात जाऊ म्हणाली, "ताई, गडबडीत मीठ राह्यलं बघा, पण पोरांनी आत्ता गाडीत बसल्यावर लोणच्यासंगं शेवटची दशमीबी संपवली." शरम वाटायला हवी होती. पण आजही तव्यापाशी एवढंच सलतं, की माझ्या दशम्या त्या गाडीत बसल्या, मी नाही.