मालिनीबाई आणि बिल्डिंग नाइन

आमच्या सासूबाई, मालिनीबाई, अमेरिकेत आल्या आणि महिन्याभरात टेक्सासमधल्या आमच्या अर्विंग गावच्या पोलिसांच्या भानगडी त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायला लागल्या. खोटं नाही सांगत! चूक माझ्या नवऱ्याची. देवांगनं वापरलेल्या वस्तूंच्या गराज सेलमधून एक जुना स्कॅनर उचलून आणला आणि आईला करमणूक म्हणून दिला. पोलिस आणि बंबवाले वायरलेसवर जे बोलतात, ते त्या डब्यातून घरबसल्या ऐकू येतं.

आई नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं ऑपरेटर होत्या. खरखरीतून नंबर टिपणं त्यांच्या हातचा मळ! टेक्सासचं इंग्रजी मला फोनवर दोनदा विचारावं लागतं, बाईंना एकदा पुरे. भाजी चिरताना स्कॅनर, पोळ्या लाटताना स्कॅनर. "अहो आई, बंद करा ना, डोकं उठलं माझं!" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "थांब गं, फ्रीवेवर ट्रक उलटला, ऐकून राहिली ना मी."

दोन हजार चारच्या मार्चमधला शनिवार. सकाळचे अकरा वाजले असतील. देवांग ग्रोसरीला गेला होता, आई गवार मोडत होत्या, मी कपड्यांच्या घड्या घालत होते. स्कॅनरमधून एक बाई भराभर काहीतरी बोलली. मला ओ की ठो कळलं नाही. आई मात्र ताडकन उठल्या.

"रुपाली, आपलंच कॉम्प्लेक्स! बिल्डिंग नाइन, खालच्या मजल्यावर आग!"

"नाइन? म्हणजे शोभनाच्या खाली?"

नाइनच्या वरच्या मजल्यावर राहणारी आमची शेजारीण शोभना बाळंत होऊन एकवीस दिवस झाले होते. तिच्या आईला व्हिसा मिळाला नाही, म्हणून आमच्या आईच रोज सकाळी जाऊन तिला आणि बाळीला न्हाऊ घालायच्या. नवरा उल्हास कामासाठी कॅलिफोर्नियाला गेलेला. न्हाणं झालं की फोन बंद करून मायलेकी दुपारपर्यंत गाढ झोपायच्या.

"स्मोक अलार्म वाजेल की, आई."

"नाही वाजणार!" आई किंचाळल्या. "सकाळी ओव्याची धुरी दिली ना मी! अलार्म कोकलू नये म्हणून त्याला शॉवर कॅप घातली, अन् काढायचीच राहिली गं!"

अरे देवा! काय पळालो म्हणता! बासष्ट वर्षांची बाई एका पायात स्लिपर, दुसरा अनवाणी, हातात स्कॅनर तसाच, आणि तिशीतली मी धापा टाकत मागे. नऊ नंबरच्या तळमजल्यावरच्या पॅटिओतून, म्हणजे घरापुढच्या छोट्या अंगणातून, काळा धूर निघत होता. खालची माणसं बाहेर येऊन उभी होती, पण वर कुणी झोपलंय हे कुणाच्या गावीही नव्हतं. जिन्यात तर डोळे उघडवेनात. मी म्हटलं, बंब येतोय, थांबू या. ऐकतंय कोण!

"शोभने! ऊठ गं बये!" आईंनी आधी मुठी आपटल्या, मग सरळ स्कॅनरच दारावर हाणायला घेतला. अँटेना मोडली, झाकण उडालं, बाई थांबेनात. एकदाचं दार उघडलं.

"काकू, काय झालं?"

"बोलू नको, पोरीला घे!"

आम्ही खाली उतरलो आणि तेवढ्यात बंब आला. आग पाच मिनिटांत विझली. मला आनंदानं नाचावंसं वाटत होतं! लोक "वाह आंटी!" म्हणून टाळ्या वाजवत होते. शोभना रडत आईंच्या गळ्यात पडली. "काकू, तुम्ही नसतात तर..."

आईंनी तिला बाजूला केलं. "थांब. तुझा अलार्म वाजला नाही तो माझ्यामुळं. त्याला कॅप मीच घातली होती."

आता काही गरज होती का हे सांगायची? मी त्यांचा पदर ओढला, पण त्या बोलून मोकळ्या झालेल्या. आईंची मान खाली. उद्यापासून शोभना यांना बाळीला हात लावू देणार नाही, हे आम्हा दोघींनाही कळलं होतं.

शोभनानं डोळे पुसले आणि दुपटं पुढं केलं. "धरा हिला, काकू. मी उल्हासला फोन करून येते."