लेकीच्या आधी माझं वॅक्सिंग

लेकीचं लग्न ठरलं आणि आमच्या लातूरच्या घरात बस्त्यापासून बांगड्यांपर्यंत सगळ्यावर मोठमोठ्यानं चर्चा सुरू झाली. एका विषयावर मात्र ती नांदेडहून फोनवर कुजबुजत बोलली. तिथं ती बँकेत नोकरीला आहे. ऑफिसातल्या मैत्रिणींनी तिला सांगितलं होतं की हल्ली नवरीनं हातापायांसोबत खालचं, नाजूक जागेचंही वॅक्सिंग करायचंच असतं. तिला भीती वाटत होती आणि नाही म्हणायची लाजही.

"आई, लई दुखतं का गं?"

मला काय माहीत? आमच्या लग्नात भुवयासुद्धा जशा होत्या तशाच सासरी गेल्या. पण पोरीनं मला विचारलं, याचाच एवढा आनंद झाला की म्हणाले, थांब, आधी मी करून बघते, मग सांगते. नासल्याचा संशय असलेलं दूधही घरात मीच चाखते.

गावाच्या दुसऱ्या टोकाचं पार्लर शोधलं, ओळखीचं कुणी भेटायला नको. आता माझी एक खोड आहे. भांडीवाली यायच्या आधी मी भांडी विसळून ठेवते, तिला काय वाटेल म्हणून. त्याच हिशेबानं आदल्या दिवशी केस काढायची क्रीम लावून सगळं स्वच्छ करूनच गेले. पार्लरवाली माझ्या लेकीच्याच वयाची. तिनं बघितलं, हसू दाबलं आणि विचारलं, "काकू, आता मी काय काढू?"

मग समजावलं. केस तांदळाच्या दाण्याएवढे तरी हवेत, नाहीतर वॅक्स धरत नाही. शिवाय क्रीम लावलेल्या कातडीवर वॅक्स ओढलं तर सालपट निघतं. तिनं मला परत पाठवलं. घरी नवऱ्याला फेशियल केलं म्हणून सांगितलं. त्यांनी चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि शहाण्यासारखा पेपर उघडला.

केस वाढल्यावर पुन्हा गेले. शुगर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, मुरुमांचं औषध, कुठं जखम, पाळी जवळ आलीय का, कारण तेव्हा जास्त दुखतं, असं सगळं तिनं आधी विचारलं. दिवस गेलेत का, हेही विचारलं. मी हसले, ती हसली नाही. हात धुऊन हातमोजे घातले, नवी चादर अंथरली, वॅक्स किती गरम आहे ते आधी स्वतःच्या मनगटावर बघितलं. एकदा वापरलेली लाकडी पट्टी सरळ टोपलीत टाकली. म्हणाली, कुठंही गेलात आणि तीच पट्टी परत डब्यात बुडवताना दिसली, तर उठून यायचं.

पहिल्या ओढीला मला देव नाही, सासूबाई आठवल्या. बाळंतपणाएवढं नाही, जुनी चिकटपट्टी एका झटक्यात उपटावी तसं, पण ती जिथं कुणी लावणार नाही तिथली. अर्ध्यावर मी विचारलं, असंच अर्धं ठेवून घरी जाता येतं का?

"येतं की काकू. तुम्ही नको म्हणलं की मी थांबते."

थांबवता येतं म्हटल्यावर माझा धीर वाढला. सगळं उरकलं. कातडी लाल झाली, रक्ताचे दोन-चार ठिपके आले, तिनं गार कापड ठेवलं. एक-दोन दिवस गरम पाण्यानं अंघोळ नको, घट्ट कपडे नकोत, सेंटची पावडर नको. बारीक पुरळ येतं नि जातं. सूज वाढली, पू झाला किंवा ताप आला तर पार्लर नाही, डॉक्टर. रिक्षातून येताना प्रत्येक गतिरोधकाला मी अर्धी उभी राहत होते.

सैल सुती सलवार घालून लेकीला फोन लावला आणि काहीच न लपवता सांगितलं. हेही सांगितलं की तिथले केस म्हणजे घाण नव्हे, ते कातडीला जपतात. ठेवले तरी काही बिघडत नाही.

"तुला पाहिजे असंल तर कर," मी म्हणाले. "मैत्रिणी म्हणतात म्हणून नको."

ती म्हणाली, "मग न्हाई करत मी. हातपायच करते."

"नक्की?"

"हाव."

तिचा आवाज एकदम मोकळा झाला आणि ती ब्लाउजच्या बाह्यांवर आली. आमच्या लग्नघरात ही तयारी तेवढी फक्त नवरीच्या आईची झाली होती. मी कुशीवर पडून, दुखतंय तिथं उशी सारत, बाह्यांची लांबी ऐकत राहिले.