एलियामामांचं गाणारं नाटक

शिरूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत गाणं कुणी रचलं ते कधी सांगत नाहीत. महिमा देवाचा, माणसाचा नाही. हा दंडक एलियामामांनीच घातला आणि त्यांच्याच अंगाशी आला. मला अजून संताप येतो.

मामा सणसवाडीच्या कारखान्यात फिटर होते. मशीन बसवायला आलेला एक इटालियन इंजिनिअर जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं गायचा. त्याच्या देशात आख्खं नाटक गाऊनच करतात, हे त्यानं मोडक्या हिंदीत सांगितलं आणि मामांना येडच लागलं. त्यांची पणजी पुतळाबाई दुष्काळात कवठे येमाईहून कडेवर पोर घेऊन मिशनच्या दारात आली होती. तीच गोष्ट त्यांनी घेतली. चाली आईच्या जात्यावरच्या ओव्यांतून काढल्या. कारखान्यातून आले की पेटीवर बसायचे, जेवायची शुद्ध नसायची. असं वर्षानुवर्षं चाललं. लेक स्वीटी पुतळाबाई गायची, जावई एबनेझर पेटीवर, मी ढोलकीला. लिहिलेलं काही नव्हतं, सगळं तोंडपाठ.

मागच्या नाताळात दौंडच्या मोठ्या मेळाव्यात ते नाटक करायचं बोलावणं आलं. मामांनी एबनेझरला जवळ बसवलं.

"जन्मभर नको म्हणलं, पर ह्या एका टायमाला माझं नाव सांग. मरायच्या आधी कानानं ऐकू दे."

"व्हय मामा, सांगतो की," एबनेझर म्हणाला.

दौंडला मामा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. एबनेझरनं स्वतः माईक घेतला आणि म्हणाला, "गीत आन् संगीत माझंच हाय."

मामा ताडकन उठले. "आरं, ह्या चाली माझ्या हायेत! स्वीटे, तू तरी सांग की!"

स्वीटीनं नवऱ्याकडं पाहिलं. सगळं तिला आधीपासून ठाऊक होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"पप्पा, देवाच्या घरात नावासाठी भांडायचं? तुम्हीच शिकवलं ना? बसा खाली."

लोकांनी माना डोलावल्या. पोटच्या पोरीनं केसानं गळा कापला, आणि तोही चारचौघांत.

मी ढोलकी तिथंच टाकली आणि मामांच्या मागं बाहेर आलो. ढोलकीवाचून आत गाणं सुरू झालं. खोटं कशाला बोलू, स्वीटी फार सुरेख गायली. मामा भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"चर्चच्या पाळकसाहेबांकडं जाऊ," मी म्हणालो. "चाली तुमच्या हायेत, मी साक्ष देतो."

"चाली गेल्या तर दुसऱ्या बांधीन," मामा म्हणाले. "पोरगी कुठनं आणू?"