सुटलेले ओंडके

माझे थोरले काका लाकूड वाहणाऱ्या गलबतावर तांडेल होते, म्हणजे शिडापासून खलाशांपर्यंत सगळ्याची जबाबदारी त्यांची. तळात मावेनात ते ओंडके वर रचून दोरांनी आवळत. काकांचा मेव्हणा त्यांच्याच हाताखाली खलाशी होता. तो म्हणायचा, "दाजी ताईवर ठेवत नाहीत एवढी नजर ह्या गाठींवर ठेवतात."

एका खेपेला भर दुपारी वारा फिरला. गलबत कललं, वरचे ओंडके एका अंगाला सरकले आणि डावी कड पाण्याखाली जाऊ लागली.

"दोर तोडा!" काका ओरडले आणि कुऱ्हाड घेऊन स्वतःच पुढे झाले. चाळीसेक ओंडके धडाधड समुद्रात गेले. गलबत सावरलं. पाचही जण जिवंत बंदराला लागले. मालकसुद्धा म्हणाला, "माणसं आणलीत, बास झालं."

चौथ्या दिवशी धक्क्यावर एक फुटकी होडी ओढत आणली. दोन भाऊ मासेमारीला गेले होते. पहाटेच्या धुक्यात होडी तरंगत्या ओंडक्यावर आदळली. धाकटा वाचला, थोरला बुडाला. तो ओंडकाही लोकांनी आणला होता. काका गर्दीतून पुढे सरकले. ओंडक्याच्या तोंडावर त्यांच्याच मालकाच्या वखारीचा ठसा होता.

मेव्हण्याने त्यांचा दंड धरला. "दाजी, घरी चला. दोर आपण तोडले हे इथे कुणाला ठाऊक नाही."

"मला आहे ना."

आठवडाभर ते कामावर गेले नाहीत. शेवटी काकू म्हणाली, "जायचंय तर जाऊन या. पण असे भिंतीकडे तोंड करून बसू नका."

बुडालेल्याच्या घरी त्याची बायको शेंगा सोलत बसली होती. धाकट्याचा हात गळ्यात बांधलेला. काकांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"तुमच्या गलबतावर किती जण होते?" तिने विचारलं.

"पाच."

"मग मी काय म्हणू? बरं केलंत म्हणू?"

तेवढ्यात धाकटा म्हणाला, "ओंडके टाकलेत, ते समजलं. पण बंदरात आल्यावर कुणाला बोललात? समुद्रात लाकडं सुटलीत, जपून जा, एवढं?"

जीव वाचल्याच्या आनंदात हे काकांना सुचलंच नव्हतं.

"नाही बोललो."

"मग निघा."

तिथून काका थेट बंदराच्या कचेरीत गेले आणि जबाब लिहून दिला. त्यांचा गलबतावरच्या कामाचा परवाना गेला. मेव्हणा महिनाभर त्यांच्याशी धड बोलला नाही. पुढे काका धक्क्यावरच हमाली करू लागले. काम संपलं की येणाऱ्या प्रत्येक नावेला विचारायचे, "वाटेत काही तरंगताना दिसलं का?" कळेल ते खडूने धक्क्यावर टांगलेल्या फळ्यावर लिहायचे. सुरुवातीला लोक हसले, मग वाचू लागले.

धाकटा भाऊही होडी सोडण्याआधी फळ्यापाशी थांबायचा. काकांशी मात्र तो शेवटपर्यंत बोलला नाही. काकांनीही कधी तशी अपेक्षा धरली नाही.