लेखकाचं गाव कोणतं?

मुळशी पेट्यातल्या गावांत पुस्तकं वाचणारे तसे थोडेच, पण सोयरीक जमवताना करावी तशी पुस्तकाची चौकशी करणारा माणूस एकच झाला: आमच्या पोस्टमनचे सासरे. सारं गाव त्यांना मामा म्हणे. शाळेतल्या एका कपाटात गावचं वाचनालय होतं, चावी माझ्याकडे असे, आणि आठवड्याच्या बाजाराहून परतताना मामा कोथिंबिरीची जुडी मांडीवर ठेवून त्या कपाटासमोर ठाण मांडत. त्यांचा नियम कडक होता. आधी लेखकाचं चरित्र, मगच त्याची गोष्ट. "गुरुजी, मानूस कळल्याबिगर त्याची थाप कशी ऐकायची?" हा त्यांचा सवाल. एक थोर कादंबरीकार बायकोला माहेरी धाडून वर्षभर निवांत लिहीत बसला होता, असं त्याच्या चरित्रात निघालं. झालं! त्याच्या पाचही कादंबऱ्या मामांनी हात न लावता नापास केल्या. उलट एक कवी आपली म्हैस आपण धूत असे, एवढ्या एका वाक्यावर त्यांनी त्याचं अगम्य काव्य दोनदा वाचलं आणि जावयाकरवी टपालाबरोबर घरोघर फिरवलं.

मग कपाटात एक भयंकर अद्भुत कादंबरी आली. मांत्रिकाच्या शापानं एक नगर काळ्या तळ्यात बुडतं आणि राजपुत्र ते वर काढायला निघतो. हडळी, बोलणारी मुंडकी, सगळा मालमसाला. लेखकाचं चरित्र कुठंच नव्हतं, तरी मामांनी नियम मोडून पुस्तक नेलं आणि चार महिने परत आणलं नाही. कारण मला ठाऊक होतं. मामा विशीत असताना त्यांचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. उन्हाळ्यात पाणी हटलं की ते चिखल तुडवत जात आणि आपल्या घराच्या जोत्यावर बसून येत. त्या वर्षी पुस्तक घेऊन गेले.

वाचनालयाच्या तपासणीला साहेब येणार, म्हणून मी मामांच्या घरी गेलो. शेवटचं प्रकरण सोडून सगळं वाचून झालं होतं. समासात पेन्सिलीनं दुरुस्त्या केल्या होत्या. पाण्याखाली देवळाची घंटा वाजते, या वाक्यापुढे लिहिलं होतं, 'वाजत न्हाई. दर साल कान दिऊन ऐकतो.'

"ह्यो लिवनारा कुटला?" मामांनी विचारलं. "ह्याचं बी गाव बुडालं आसंल का?"

"माहीत नाही, मामा."

"शेवट तुमी वाचलाय न्हवं? माझा धीर हुईना. नगर वर येतं का?"

मी वाचला होता. राजपुत्र काठावर म्हातारा होतो आणि तळं तसंच राहतं.

"येतं की," मी ठोकून दिलं. "पाणी ओसरतं, चुली पेटतात, जो तो आपापल्या घरी जातो."

मामांनी पुस्तक उशाशी ठेवलं. "ब्येस झालं. सकाळी पोचतं करतो."

सकाळी त्यांनी पुस्तक दिलं, कोथिंबिरीची जुडी माझ्या टेबलावर ठेवली आणि गेले. साहेब यायच्या आत समास साफ करावेत म्हणून मी खोडरबर घेऊन बसलो. शेवटच्या पानावर हात थांबला. तळं तसंच राहतं, त्या ओळीखाली लिहिलं होतं, 'गुरुजी मानूस चांगला. त्याची थाप ऐकाया हरकत न्हाई.'

ते पान मी खोडलं नाही. त्यापायी साहेबांची बोलणी खाल्ली. आता मामा नाहीत, आणि फार आठवण येते. जन्मात एकच गोष्ट रचली मी, तीही एका वाक्याची. पण पास झालो.